टाच टेकवत नाही की टेकवता येत नाही? चवड्यांवर चालणाऱ्या मुलांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत, मूल टाच न टेकवता चवड्यांवर चालतंय. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, रोज अशी मुलं बघते, म्हणून आज फक्त हेच घेते.

मुलगी १६ महिन्यांची आहे, महिन्याभरापूर्वी चालायला लागली पण बऱ्याचदा चवड्यांवर. वॉकरमध्येही बसवतो. काळजी करायची का?

चवड्यांची आत्ता नका करू. चालायला शिकताना खूप मुलं असं करतात आणि साधारण दोन-तीन वर्षांची होईपर्यंत टाच टेकवायला लागतात. वॉकर मात्र आजच काढून टाका. त्यात मूल बोटांनी जमीन ढकलत पळतं, टाच टेकवायची वेळच येत नाही, आणि त्याने लवकर चालायला येतं असंही नाही, वर जिन्यावरून गडगडून डोक्याला मार लागतो तो वेगळाच. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

मुलगा साडेतीन वर्षांचा. "टाच खाली" म्हटलं की टेकवतो, दोन मिनिटांनी परत तेच. याचे बाबाही लहानपणी असेच चालायचे म्हणे.

दोन्ही पाय सारखेच, सांगितल्यावर टाच टेकते, घरात आधी कुणाला होतं, बाकी वाढ नीट, हे सगळं जुळलं तर बहुतेक वेळा त्यामागे आजार नसतो. याला इडिओपॅथिक टो वॉकिंग म्हणतात, म्हणजे कारण सापडत नाही असं. पण हे निदान बाकीचं तपासून झाल्यावरच करायचं असतं, त्यामुळे एकदा दाखवून घ्याच. स्वीडनमध्ये साडेपाच वर्षांच्या १४३६ मुलांची पाहणी झाली होती, त्यात साधारण ५ टक्के मुलं कधी ना कधी अशी चालत होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचं तोवर आपोआप थांबलंही होतं.

घरी एक बघा. त्याला पाय सरळ करून झोपवा आणि गुडघा न वाकवता पाऊल हळूच नडगीकडे न्या. काटकोनाच्या पुढे सहज यायला हवं. तिथेच अडत असेल तर पोटरी आणि टाचेची शीर (म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, टेंडन) आखडायला लागलीय, मग स्ट्रेचिंग लगेच सुरू करायचं. आणि दिवसभर ओरडून काही होत नाही हो, पोर फक्त रडकुंडीला येतं.

मुलगा पाच वर्षांचा. आधी नीट चालायचा, आता वर्षभरात चवड्यांवर, सारखा पडतो, जिना चढताना कठडा धरतो. पोटऱ्या छान भरलेल्या आहेत. रक्तात एसजीपीटी (लिव्हर तपासताना बघतात ते एन्झाइम) वाढलं म्हणून लिव्हरचं औषध चालू आहे.

ताई, तुम्ही याच आठवड्यात मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे जा. आधी नीट चालणारं मूल नंतर चवड्यांवर आलं तर ती सवय समजून सोडायची नसते. तो जमिनीवरून उठताना हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो का बघा, आणि त्याचा व्हिडिओ काढून न्या. भरलेल्या पोटऱ्या ताकदीच्याच असतात असं नाही, स्नायूच्या जागी चरबी साचूनही त्या जाड दिसतात. एसजीपीटी स्नायूंमधूनही रक्तात येतं, म्हणून सीपीके ही साधी रक्ततपासणी करायला सांगा, स्नायूंना इजा होत असेल तर ते वाढतं. ते खूप जास्त आलं तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणाऱ्या जनुकीय आजारासाठी, जीन टेस्ट करतात. हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. पूर्ण बरा करणारं औषध नाही, पण स्टेरॉइडने चालणं जास्त वर्षं टिकतं, त्यामुळे उशीर नको. आणि टाच टेकावी म्हणून टाचेची शीर लांब करायचं ऑपरेशन घाईने करू नका, मांड्या-कंबर कमजोर असलेलं मूल चवड्यांवरच तोल सांभाळत असतं.

दोन वर्षांची मुलगी फक्त उजव्या पायाने चवड्यावर चालते. सातव्या महिन्यात जन्मली होती.

एकाच पायाचं असेल तर वय बघत थांबायचं नाही. उजव्या हाताची मूठ आवळलेली राहते का, सगळं डाव्या हातानेच घेते का? सौम्य सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालीत येणारा दोष) अशीही दिसते, आणि वेळेआधी जन्मलेल्या मुलांत ती जास्त असते. पायांच्या लांबीत फरक किंवा कंबरेच्या सांध्याचा प्रॉब्लेमही असू शकतो. कमरेच्या खाली पाठीवर केसांचा झुपका किंवा खोल खळगा दिसला तर तेही डॉक्टरांना सांगा, मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो.

चवड्यांवर चालणं म्हणजे ऑटिझम का?

नाही. ऑटिझम असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं एवढंच. हाक मारल्यावर मूल बघतं का, बोट दाखवून वस्तू मागतं का, शब्द वाढतायत का, यात शंका वाटली तर डेव्हलपमेंटल तपासणी करा.

प्लास्टर सांगितलंय, सोबत बोटॉक्सही घ्यायचं का?

कारण न सापडलेल्या मुलांत प्लास्टरसोबत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) दिल्याने जास्त फायदा झाला नाही असं ट्रायलमध्ये दिसलंय, तेव्हा कशासाठी देताय हे नक्की विचारा. प्लास्टर दर एक-दोन आठवड्यांनी बदलत काही आठवडे ठेवतात, पाऊल हळूहळू वर येतं. ते निघाल्यावर स्ट्रेचिंग आणि रात्रीचा स्प्लिंट (पाऊल काटकोनात धरून ठेवणारा आधार) सोडला की पोटरी परत आखडते, बऱ्याच घरांत नेमकं तिथेच ढिलं पडतं.