अस्वलाचा शब्द सोडवताना

आद्य-स्लाव्हिक, म्हणजे सगळ्या स्लाव्हिक भाषांच्या मूळ भाषेतल्या, शब्दांना हात घालतोयस, तर सुरुवात अस्वलापासून कर. आधी स्लाव्हिकच्या पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा तिन्ही शाखांतली रूपं गोळा कर: रशियन मेद्वेद, स्लोव्हेन मेदवेद, पोलिश न्येज्व्येच. पोलिशमधला न बघून बिचकू नकोस, जुन्या पोलिशमध्ये तिथे म होता. हंगेरियन ‘मेद्वे’ मात्र पुराव्यात धरू नकोस. तो स्लाव्हिककडून घेतलेला, उसना.

मग फोड. आपल्याला मोह होतो ‘मेद + वेद’ करायचा, म्हणजे मध जाणणारा. रशियन माणसालाही होतो! पण तो व ‘जाणणे’ धातूचा नाही. मूळ जोडी ‘मेदु’, म्हणजे मध, आणि ‘एद्’, म्हणजे खाणे; स्वरापुढे उ चा व झाला. शाळेतला यण् संधी आठव: मधु + अद् = मध्वद्. ऋग्वेदात (१.१६४.२२) हाच शब्द पक्ष्यांसाठी आलाय.

संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्टोस, लॅटिन उर्सुस या अस्वलाच्याच जुन्या शब्दांचा भाऊबंद स्लाव्हिकमध्ये टिकला नाही. जनावराचं खरं नाव घेऊ नये म्हणून टोपणनाव रूढ झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला पटतं, पण ते अनुमान. ध्वनिनियमाइतकं पक्कं धरू नकोस.

आणि आद्य-स्लाव्हिक रूप लिहिताना त्याच्या आधी तारांकन (*) विसरू नकोस. तारा असलेलं रूप लिखित पुराव्यात सापडलेलं नसतं, मागे जाऊन रचलेलं असतं.