वाचकांचे प्रश्न : गुटी कलम कुंडीत लावल्यानंतर

प्रश्न : लिचीच्या फांदीवर बांधलेल्या गुटीत (साल काढून ओल्या शेवाळाने गुंडाळलेल्या भागात) पांढऱ्या मुळ्या दिसू लागताच मी ती कापून एका मोठ्या कुंडीत लावली. रोज पाणी देत असूनही आठवड्याभरात पाने मलूल झाली आणि त्यांच्या कडा करपू लागल्या. पाणी आणखी वाढवावे का?

उत्तर : वाढवू नये, उलट काही दिवस हात आखडता घ्यावा. गुटी बांधताना आपण फांदीची फक्त साल काढतो, आतले लाकूड तसेच राहते, आणि मुळांकडून वर जाणारे पाणी त्या लाकडातूनच वाहते. त्यामुळे गुटी झाडावर असेपर्यंत तिच्या वरची पाने मूळ झाडाच्याच पाण्यावर जगत असतात. फांदी कापली की हा पुरवठा त्या क्षणी तुटतो आणि सगळ्या पानांचा भार काही थोड्या कोवळ्या मुळ्यांवर येतो. पानांतून बाष्प होऊन जेवढे पाणी बाहेर पडते तेवढे या मुळ्या ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही पाने सुकतात. अशा वेळी जास्त पाणी घातल्यास मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, मुळ्यांना प्राणवायू मिळत नाही आणि त्या कुजू लागतात. कुजलेल्या मुळ्या पाणी घेत नसल्याने पाने अधिकच मलूल दिसतात, आणि ती पाहून आपण पुन्हा पाणी घालतो. गुटी कलमे दगावण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

उपाय मुळांकडून नव्हे, तर पानांकडून सुरू करावा. धारदार आणि स्वच्छ कात्रीने एकूण पानांपैकी एक तृतीयांश ते निम्मी पाने कमी करावीत. मोठी पाने अर्धी कापली तरी चालते, मात्र सगळी पाने काढू नयेत, कारण नव्या मुळ्यांना लागणारे अन्न तीच तयार करतात. कोवळे, लुसलुशीत शेंडे असल्यास ते आधी खुडावेत. नंतर कुंडी उजेडाच्या पण थेट ऊन आणि वारा न लागणाऱ्या जागी ठेवावी. कुंडीत दोन-तीन काड्या रोवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी अशी पालथी घालावी की ती पानांना चिकटणार नाही. आतली हवा दमट राहिल्याने पानांची पाण्याची मागणी कमी होते. ही पिशवी चुकूनही उन्हात राहू देऊ नये, कारण आतली उष्णता काही तासांतच पाने भाजून काढते. रोज थोडा वेळ ती उघडून हवा खेळू द्यावी आणि तीन-चार आठवड्यांत उघडे ठेवण्याचा वेळ वाढवत नेऊन ती कायमची काढावी.

मोठी कुंडी हीसुद्धा येथे अडचण ठरते. मुळ्यांचा गोळा मुठीएवढा आणि भोवती भरपूर माती असेल, तर त्या मातीतले पाणी शोषणारे कोणीच नसते आणि ती दिवसेंदिवस ओली राहते. सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाची कुंडी किंवा तेवढीच पिशवी सुरुवातीला पुरते. आपल्या कुंडीतील माती चिखलासारखी झाली असेल, तर गोळा न फोडता कलम लहान कुंडीत हलवावे. पुन्हा हलवल्याने काही मुळ्या तुटतील हे खरे, पण चिखलात ठेवल्यास त्या सगळ्याच जाण्याची भीती आहे. कलम जिवंत आहे की नाही याची शंका आल्यास खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर आशा सोडू नये.

पुढच्या खेपेस गुटी कापण्याची घाई मात्र टाळावी. पांढऱ्या, ठिसूळ मुळ्या दिसल्या म्हणजे काम सुरू झाले एवढाच अर्थ होतो. त्या तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले आणि गोळा सर्व बाजूंनी मुळ्यांनी भरला की मगच फांदी कापावी. लिचीच्या बाबतीत हे विशेष पाळावे, कारण तिची कलमे मुळ्या सहज धरतात, पण झाडापासून वेगळी केल्यावर मोठ्या संख्येने मरतात.

प्रश्न : कुंडीत लावताना मुळ्यांभोवतीचे मॉस (गुटीत बांधलेले शेवाळ) काढून टाकावे का? आणि कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा का?

उत्तर : मॉस काढू नये. मुळ्या त्यात गुंतलेल्या असतात आणि ते सोडवताना नेमक्या कामाच्या बारीक मुळ्या तुटतात. प्लास्टिक आणि सुतळी मात्र पूर्णपणे काढावी. गोळ्याखाली उरलेला फांदीचा खुंट शक्य तेवढा जवळून कापावा. गोळा कोरडा वाटल्यास लावण्यापूर्वी काही मिनिटे पाण्यात बुडवावा, कारण एकदा वाळलेले मॉस वरून घातलेले पाणी सहजासहजी घेत नाही. पहिले काही आठवडे पाणी खोडालगत घालावे. कडेची माती ओली दिसते आणि गोळा आतून कोरडाच राहतो, असे बरेचदा होते. वरची तीन-चार सेंटिमीटर माती बोटाला सुकी लागली की पाणी द्यावे, वेळापत्रकाने नव्हे. गोळा मातीखाली दोन-तीन सेंटिमीटर जाईल इतकाच खोल लावावा आणि कलमाला काठीचा आधार द्यावा, कारण वाऱ्याने खोड हलले की मातीत शिरू पाहणाऱ्या मुळ्या तुटतात. काठी गोळ्यातून न घालता बाजूने रोवावी.

खडीचा थर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली, तरी तिचा उपयोग होत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी ती माती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या जाड थरात उतरत नाही, त्यामुळे ओला पट्टा खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ तयार होतो. त्याऐवजी मिश्रणच भुसभुशीत करावे : पोयटा माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू समान भागांत घेऊन त्यात चांगले कुजलेले शेणखत अगदी थोडे मिसळावे. तळाची भोके मोकळी असली म्हणजे झाले.

प्रश्न : डाळिंबाच्या कलमाला कुंडीत लावल्यावर महिन्याभरातच फुले आली. ठेवावीत का?

उत्तर : खुडून टाकावीत. गुटी फळणाऱ्या, वयात आलेल्या फांदीवर बांधलेली असल्याने कलम लहान दिसले तरी त्याला फुलण्याची क्षमता मूळ झाडाकडूनच मिळते. परंतु फळ पोसण्याइतकी मुळे त्याच्याजवळ नसतात. पहिले वर्ष मुळांसाठी राखून ठेवावे.

प्रश्न : पेरूच्या कलमाला तिसऱ्या आठवड्यात नवी पालवी फुटली आहे. आता खत देऊन कुंडी उन्हात ठेवू का?

उत्तर : अजून थांबावे. पहिली पालवी खोडात साठलेल्या अन्नावरही फुटू शकते, म्हणून तेवढ्यावरून मुळ्या मातीत रुजल्या असे समजू नये. ही पाने पूर्ण वाढून गडद आणि जाड झाली, किंवा तळाच्या भोकांतून मुळ्या डोकावू लागल्या, तर ते खात्रीचे लक्षण मानावे. त्यापूर्वी दिलेल्या रासायनिक खतातील क्षारांमुळे कोवळ्या मुळ्या करपतात. सुरुवात पाण्यात विरघळणाऱ्या खताच्या नेहमीच्या प्रमाणाच्या पाव भागाने करावी, तीही माती ओली असताना. ऊन आधी सकाळचे तासभर आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. कलम पुढे जमिनीत लावायचे असल्यास गुटीला सोटमूळ नसते हे ध्यानात ठेवून पहिली दोन वर्षे काठीचा आधार काढू नये आणि पालापाचोळ्याचे आच्छादन खोडापासून थोडे दूर पसरावे.