चिनी इंक पेंटिंगमध्ये ॲक्रिलिक, कोलाज वगैरे घुसवलं तर ते इंक पेंटिंग राहतं का?

राहतं की. तुमच्या गुरुजींनी "मग ते नुसतं क्राफ्ट होतं" म्हटलंय असं तुम्ही तुमच्या दोन चित्रांच्या फोटोंसोबत लिहिलंय, त्यात थोडं तथ्य आहे पण थोडंच.

आधी कागदाचं सांगते कारण सगळा खेळ तिथेच आहे. श्वान पेपर, म्हणजे या चित्रांचा पारंपरिक कागद, चीनच्या आनह्वी प्रांतात चिंगश्येनला होतो, एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा. त्यातला कच्चा, म्हणजे तुरटी न लावलेला कागद शाईचा थेंब पडला की लगेच पितो, कडा फुटत जातात, आणि एकदा टेकवलेला ब्रश परत घेता येत नाही. शाईची कांडी काजळी आणि सरसाची, ती पाणी घालून दगडावर घासायची, अगदी आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसं.

आता मिसळायचंच तर लिऊ ग्वोसोंग बघा, तैवानमधले चित्रकार, 1932 चा जन्म. यांनी साठच्या दशकात जाड धागे असलेला कागद खास बनवून घेतला, त्यावर रुंद ब्रशने शाई फिरवायची आणि मग वरचे धागे चक्क उपटून काढायचे, की खाली पांढऱ्या रेषा उरतात, डोंगरावरच्या बर्फासारख्या. म्हणजे रेष ब्रशने न काढता कागदातनं ओढून काढली! त्यावरून पारंपरिक लोकांच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळंच.

दुसरे शू बिंग, चिनी कलाकार, यांनी तर शाईच काढून टाकली. बॅकग्राउंड स्टोरी नावाची त्यांची मालिका आहे, समोरून बघाल तर धुक्यातले डोंगर, झाडं, जुनं निसर्गचित्रच वाटतं, आणि मागच्या बाजूला गेलात की दुधी काचेला चिकटवलेल्या वाळक्या काटक्या, चुरगळलेले कागद, प्लास्टिक, चिकटपट्ट्या, मागून लाइट. 2011 ला ब्रिटिश म्युझियममध्ये केलं ते जुने चिनी चित्रकार वांग शिमिनच्या 1654 च्या चित्रावरनं. गंमत म्हणजे वस्तू काचेपासून जरा लांब धरली की तिची कड धूसर होते, शाई कागदात पसरल्यावर दिसते तशीच. मला हे फार आवडतं, कारण कचऱ्याकडूनही त्यांनी शाईचंच काम करून घेतलं.

तिसरे चित्रकार झंग चोंगबिन, ते शाईबरोबर पांढरं ॲक्रिलिक वापरतात, श्वानवरच. ते बघून मीही केलं आणि पार वाट लागली :) ॲक्रिलिक जाड लावलं, कागद पापडासारखा वाकला, आणि फोटोचे तुकडे फेव्हिकॉलने चिकटवले होते तिथे कडेने बाहेर आलेला गोंद वाळला, त्यावर शाई बसेचना, थेंब नुसते घरंगळायचे. दोन आठवडे हेच. शेवटी गव्हाच्या खळीने चिकटवलं, चिनी लोक चित्राला मागून कागद लावतात तेही खळीनेच, आणि मग तुकड्याच्या कडेवरून शाई आरामात आत गेली.

तुमच्या दुसऱ्या फोटोत सोनेरी वर्ख लावलाय ना, माझ्या मते तो काढा. तिथे शाई नुसती बॅकग्राउंडला पडलीये. पहिल्यातला फाटलेला नकाशा मात्र ठेवाच, त्याच्या घडीत शाई साचलीये ती जागा झकास झालीये.

आणि हो, ॲक्रिलिक पातळ करून आधी तुकड्यावर ट्राय करा, कच्चा श्वान इथे स्वस्त नाही मिळत.