तीन चॅनेलांचा हिशेब

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी चाल ऐकली. सुरेख आहे, पण बांधली आहेस पाच वाद्यांसाठी. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या सिड या आवाजाच्या चिपमध्ये चॅनेल तीनच, म्हणजे एका वेळी तीनच आवाज. म्हणून वाद्यं कापत बसू नकोस, वेळ वाटून घे. पाल मशीनवर (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) प्लेअर, म्हणजे चाल वाजवणारा प्रोग्राम, सेकंदाला ५० वेळा चालतो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना, एका फ्रेमला, चॅनेलचं सोंग बदलता येतं.

बेस आणि ड्रम एकाच चॅनेलवर बसव. किकसाठी (ड्रमच्या जाड ठोक्यासाठी) पहिली फ्रेम नॉइज म्हणजे खरखर, पुढच्या तीन-चार फ्रेम पल्स लहरीचा झपाट्याने उतरणारा सूर, की लगेच बेस परत. मधला तुटलेला बेस कान आपणच भरून काढतो. कॉर्डचे तीन सूर फ्रेमगणिक एकेक वाजव. चौथा घातलास तर फडफड जास्त ऐकू येते.

आता तुझी मुख्य तक्रार, मधूनच सूर गिळले जातात. दोष तुझा नाही, चिपचा आहे. एन्व्हलपचा, म्हणजे सुराच्या चढ-उताराचा, वेग मोजणारा १५ बिटांचा काउंटर नव्या सुराला शून्यावर येत नाही. नवा वेग जलद असेल आणि काउंटर त्याची मर्यादा ओलांडून गेलेला असेल, तर काउंटरला ३२७६८ ची अख्खी फेरी मारावी लागते. तिथे ३३ मिलिसेकंद जातात. उपाय हार्ड रिस्टार्ट: सुराच्या दोन फ्रेम आधी गेट (सूर चालू-बंद करणारा बिट) बंद करून अटॅक, डिके, रिलीज (आवाजाचा चढ, उतार आणि विरणं) सगळ्यात जलद ठेवायचे. गोटट्रॅकर या चाली लिहिण्याच्या प्रोग्रामात गेट टायमर २ ठेव. मात्र त्यात तीन-तीन फ्रेमच्या ओळी लिहिल्यास तर प्रत्येक सुराआधीच्या दोन फ्रेम यातच खर्च होतात.

फिल्टर तिन्ही चॅनेलांत मिळून एकच. त्यातही सिडच्या ६५८१ या जुन्या आवृत्तीचा फिल्टर नगागणिक वेगळा बोलतो, म्हणून चालीचा जीव त्याच्यावर टांगू नकोस.

गेमसाठी लिहीत असशील, तर प्रोग्रामरला आधीच विचार, गोळीबाराचा आवाज कोणता चॅनेल पळवणार? मुख्य सुरावट तिथे नको. आणि फ्रेमच्या ३१२ रास्टर ओळींतल्या (पडद्यावर रेखल्या जाणाऱ्या ओळी, वेळ यांतच मोजतात) तुझ्या वाट्याला किती, तेही.

अमेरिकी मशीनवर चिपचं घड्याळ जलद आणि प्लेअर सेकंदाला ६० वेळा चालतो, म्हणून हीच फाइल अर्धस्वराच्या साधारण दोन-तृतीयांश चढते आणि मिनिटाला १२५ ठोक्यांची लय १५० होते. ४४० हर्ट्झच्या सुरासाठी पालवर चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवण्याच्या कप्प्यात) ७४९३ लिहितोस, तिथे ७२१८ हवेत. तिथल्यासाठी स्वरांचा तक्ता वेगळा ठेव आणि प्लेअरची दर सहावी हाक गाळ.