फिटिंग करून घेतलेल्या गोल्फच्या नव्या आयर्न क्लबने बॉल डावीकडे जातो. सवय होईल, की लाय बदलून घ्यावी?

तुम्ही दिलेला तपशील आधी एकत्र मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जुना सेट स्टँडर्ड लांबीचा, स्टँडर्ड लायचा (लाय म्हणजे क्लब टेकवल्यावर दांडा जमिनीशी करतो तो कोन), स्टील शाफ्ट, म्हणजे दांडा, 120 ग्रॅमच्या आसपास. नवा सेट अर्धा इंच लांब, 2 अंश अपराइट, म्हणजे जास्त उभा, शाफ्ट 95 ग्रॅमचा, लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कोन) जुन्यापेक्षा स्ट्राँग, म्हणजे कमी. फिटिंगच्या दिवशी बॉल सरळ गेले. तीन आठवड्यांनी खारघरला खेळताना मात्र 7 आयर्न 15 ते 20 यार्ड डावीकडे जातो, मधूनच फॅट बसतो, म्हणजे क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागतो, आणि पिचिंग वेज व सँड वेज यांच्यामधल्या अंतराला हातात क्लबच नाही. लाय 2 अंश खाली आणावी का, असं विचारता आहात. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितो.

आत्ता लाय वाकवून घेऊ नका. कारण साध्या गणितात आहे. लाय अपराइट झाली की फेस थोडा डावीकडे बघतो, पण किती, ते लॉफ्टवर ठरतं: लायमधला फरक गुणिले लॉफ्टचा टॅन्जंट. 7 आयर्नचा लॉफ्ट 30 अंश धरला तर 2 अंशांच्या फरकाने फेस सव्वा अंशाहून थोडा कमीच वळतो. 140 यार्डांवर ते जेमतेम 3 यार्ड होतात. क्लब अर्धा इंच लांब आहे आणि तुम्ही जुन्याच अंतरावर उभे राहत असाल, तर त्यामुळे लाय आणखी अंशभर अपराइट पडते. तीही धरा, हवेत होणारं थोडं वळणही धरा, तरी हिशेब 5-6 यार्डांच्या पुढे जात नाही. म्हणजे 15-20 यार्डांतला मोठा वाटा क्लबचा नाही, हातांचा आहे.

हात असं का करतात? जुने क्लब तुमच्यासाठी फ्लॅट, म्हणजे कमी उभ्या लायचे, होते. टो, म्हणजे हेडचं पुढचं टोक, जमिनीत रुतायची, बॉल उजवीकडे निघायचा, आणि तो सरळ आणायला हातांनी फेस बंद करायची सवय लावून घेतली. ती सवय वर्षानुवर्षं रोज थोडी थोडी पक्की होत गेली, त्यामुळे ती तुम्हाला जाणवतही नाही. नव्या क्लबने उजवीकडे जाण्याचं कारण काढून टाकलं, पण उपाय हातात तसाच राहिला. त्यात शाफ्ट 25 ग्रॅमनी हलका झाला. हलक्या क्लबला हात लवकर फिरवतात. फिटिंगच्या खोलीत प्रत्येक बॉलनंतर पडद्यावर आकडा दिसत होता, चाळीस-पन्नास बॉलनंतर हातांनी जुळवून घेतलं होतं. कोर्सवर तो पडदा नाही. फिटिंग चुकलं असा निष्कर्ष यातून लगेच निघत नाही.

दोष लायचा की हातांचा, हे वेगळं करण्याची एक चांगली खूण आहे. लायचा परिणाम लॉफ्ट वाढतो तसा वाढतो, आणि आयर्नचा आकडा मोठा तसा लॉफ्ट जास्त, वेजचा सर्वांत जास्त. लाय जास्त अपराइट असेल तर पिचिंग वेज आणि 9 आयर्न सुरुवातीपासून सरळ रेषेत डावीकडे निघतील आणि 5 आयर्न जवळजवळ सरळ जाईल. उलट, 5 आणि 6 आयर्न जास्त डावीकडे वळत असतील आणि वेज ठीक असेल, तर फेस हातांनी बंद होतो आहे. पुढच्या फेरीत फक्त एवढंच टिपून ठेवा, आणि तेही सपाट जागेवरून मारलेल्या बॉलचंच. खारघरचा कोर्स डोंगराच्या कुशीतला, उताराचा. बॉल पायांच्या पातळीपेक्षा वर असेल तर कुठलाही क्लब डावीकडेच मारतो. ते शॉट या हिशेबात धरले तर सगळा निदानाचा घोटाळा होईल.

त्याआधी क्लब कागदावर लिहिल्याप्रमाणे बनले आहेत का, हे बघून घ्या. हे बहुतेक जण टाळतात आणि मग महिनाभर स्विंगशी भांडत बसतात. कंपनीतून आलेल्या हेडमध्ये लॉफ्ट आणि लाय एखादा अंश इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. 7 आयर्न अंशभर कमी आणि 8 आयर्न अंशभर जास्त असेल, तर 4 अंशांचा फरक हवा तिथे 6 अंशांचा मिळतो, उलट असेल तर 2 अंशांचा. फिटरकडे लॉफ्ट-लाय मशीन असतं. प्रत्येक क्लब त्यात लावून आकडे लिहून मागा, नुसतं ‘ठीक आहे’ ऐकून परत येऊ नका. लांबी घरी मोजता येते: क्लब खेळताना ठेवतो तसा सोल, म्हणजे हेडचा तळ, जमिनीला टेकवून ठेवा, 48 इंची पट्टी शाफ्टच्या मागून हीलपासून (हेडच्या शाफ्टकडच्या टोकापासून) ग्रिपच्या टोकापर्यंत लावा. लगतच्या दोन आयर्नमध्ये अर्ध्या इंचाचा फरक असायला हवा.

ग्रिपही तपासा. काही ग्रिपना खालच्या बाजूला उठावदार रिब असते. ग्रिप बसवताना ती जरा फिरली, तर बोटं रिबवर नेहमीसारखी बसतात आणि फेस मात्र बंद होतो. सगळ्या क्लबवर रिब बरोबर खालच्या बाजूला, फेसच्या काटकोनात आहे का, ते एकेक करून पाहा. ग्रिपची जाडी जुन्यापेक्षा कमी झाली असेल तरी हात जास्त फिरतात. टेपचा एक वेढा वाढवला की व्यास साधारण 1/64 इंचाने वाढतो, स्टँडर्ड आणि मिडसाइजमध्ये 1/16 इंचाचा फरक असतो. यापैकी काही निघालं तर खर्च फक्त नव्या ग्रिपचा आहे.

स्विंगवेटबद्दल (क्लब फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिथे फसगत होते. लांबी अर्ध्या इंचाने वाढली की स्विंगवेट साधारण 3 पॉइंट वाढतं. शाफ्ट 9 ग्रॅमनी हलका झाला की साधारण 1 पॉइंट कमी होतं, म्हणजे तुमच्या 25 ग्रॅममध्ये जवळजवळ 3 पॉइंट गेले. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. काट्यावर जुनाही डी 2 आणि नवाही डी 2 दिसेल, तरी क्लब एकूण 25 ग्रॅमनी हलका आहे आणि हातांना तो वेगळाच लागणार. तोल हरवल्यासारखा वाटत असेल तर हेडच्या मागे लेड टेप लावून बघा. अर्धा इंच रुंद टेपची 4 इंचांची पट्टी सुमारे 2 ग्रॅमची, म्हणजे 1 पॉइंट. 7 आयर्नला एक पट्टी लावा, वीस बॉल मारा, मग दुसरी. हेडचा भार जाणवू लागला की हात आपोआप थांबतात का, ते यातून कळतं. टेप काढताही येते, म्हणून हा प्रयोग कुठल्याही वाकवावाकवीच्या आधी करावा.

आता लायची खरी चाचणी. व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर एक जाड सरळ रेघ काढा आणि ती उभी, फेसच्या समोर येईल असा बॉल ठेवा. एक शॉट मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. ग्रूव्ह, म्हणजे फेसवरच्या खाचा, आडवे धरून ठसा बघा. तो काटकोनात उभा असेल तर लाय बरोबर आहे. ठशाचा वरचा भाग टोच्या बाजूला झुकला असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त अपराइट आहे, हीलकडे झुकला तर फ्लॅट. एका शॉटवरून ठरवू नका, दहा मारा, प्रत्येक वेळी ठसा पुसून. फेसच्या मध्यावर न लागलेले शॉट मोजू नका, कारण टोवर किंवा हीलवर बसलेल्या शॉटला हेड फिरतं. डिव्हटवरूनही, म्हणजे क्लबने जमिनीत पाडलेल्या खड्ड्यावरूनही, अंदाज येतो (टोच्या बाजूला खोल म्हणजे फ्लॅट, हीलच्या बाजूला खोल म्हणजे अपराइट), पण मुंबईत जून ते सप्टेंबर डिव्हटवर फारसा विश्वास ठेवू नये. जमीन इतकी मऊ असते की सगळेच डिव्हट खोल दिसतात.

उभं राहताना एक चूक फार जण करतात. नवा क्लब जमिनीवर ठेवला की टो किंचित उचललेली दिसते. ती तशीच हवी. खाली येताना शाफ्ट वाकतो आणि टो खाली जाते, म्हणून स्थिर उभं असताना टोखाली एक नाणं सरकेल इतकी फट असणं योग्य आहे. ती फट दिसते म्हणून हात वर उचलून सोल सपाट करू नका. त्याने लायचा सगळा फायदा जातो आणि बॉल पुन्हा उजवीकडे जाऊ लागतो. जाड टॉपलाइनचं (वरच्या कडेचं), जास्त ऑफसेटचं (फेस शाफ्टच्या मागे असलेलं) हेड असेल तर फेस जुळवताना खालच्या कडेकडे बघा. टॉपलाइन बघून जुळवला की तो नकळत बंद होतो.

फॅट शॉटसाठी सोपी परीक्षा: ग्रिपच्या टोकाला अर्धा इंच सोडून धरा आणि दहा बॉल मारा. फॅट बसणं थांबलं, तर तुम्ही नव्या लांबीने जुन्या अंतरावर उभे राहता आहात. बॉलपासून बोटभर लांब सरका, बाकी काही बदलू नका. थांबलं नाही, तर कारण लांबी नाही. तेव्हा वजन मागच्या पायावर राहतं आहे का ते बघा. रेंजवरची मॅट इथे मदत करत नाही, कारण क्लब दोन इंच मागे आपटला तरी मॅटवरून घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट चांगला वाटतो. बॉलच्या मागे चार बोटं अंतरावर घडी केलेला पंचा ठेवा. क्लब त्याला लागला, की तो शॉट कोर्सवर फॅट गेला असता असं समजा.

सरावाचं वेळापत्रक तीन आठवड्यांचं ठेवा, आठवड्यातून दोनदा. एका वेळी पन्नासपेक्षा जास्त बॉल नकोत, दमलेले हात जुन्या सवयीकडेच जातात. पहिल्या आठवड्यात फक्त 9 आणि 7 आयर्न, कंबर ते कंबर अर्धा स्विंग. लक्ष एकाच गोष्टीवर: फॉलोथ्रूमध्ये हात कंबरेला आले तेव्हा टो आकाशाकडे आहे की डावीकडे लोळली आहे? लोळली असेल तर हात फिरले. दुसऱ्या आठवड्यात तीन-चतुर्थांश स्विंग आणि 5 आयर्न जोडा. तिसऱ्यात पूर्ण स्विंग. या काळात जुना सेट पिशवीत अजिबात ठेवू नका. एक दिवस हा, एक दिवस तो, असं केलं तर हातांना काहीच कळत नाही. आणि या तीन आठवड्यांत स्कोअर वाढेल, त्याची धास्ती घेऊ नका. तुमच्या गोल्फ क्लबमध्ये मॅच असेल तर ती पुढे ढकलून हे काम सुरू केलेलं बरं.

तिसऱ्या आठवड्यानंतर अंतरं मोजा. रेंजचे झिजलेले बॉल कमी जातात, त्यामुळे लाँच मॉनिटरवर (शॉटचं अंतर मोजणाऱ्या मशीनवर) तुमचेच नेहमीचे बॉल न्या. प्रत्येक आयर्नने दहा मारा, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन वगळा, उरलेल्या सहांच्या कॅरीची, म्हणजे हवेतल्या अंतराची, सरासरी घ्या. घरंगळलेलं अंतर मोजू नका, पावसाळ्यात ते मिळणारच नाही. मशीनमध्ये उंची समुद्रसपाटीची लावली आहे ना, तेही बघा. बंगळुरू सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, तिथल्या आकड्यांवर चेंबूरला किंवा कुलाब्याला क्लब निवडला तर बॉल आखूड पडेल. दोन आयर्नमध्ये 10 ते 12 यार्डांचा फरक हवा.

वेजची तक्रार मात्र पूर्णपणे खरी आहे आणि ती सवयीने जाणार नाही. स्ट्राँग लॉफ्टच्या सेटमध्ये पिचिंग वेज 43-44 अंशांचा येतो, जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये तो 47-48 असायचा. तुमचा सँड वेज 56 चा असेल तर मध्ये 12 अंशांची दरी आहे, म्हणजे 25-30 यार्ड. 50 अंशांचा एक वेज घ्या, दोन्हीकडे 6-6 अंश राहतील. पिशवीत नियमाने 14 च क्लब चालतात, तेव्हा काढायचाच झाला तर 4 आयर्न काढा. स्ट्राँग लॉफ्टचा 4 आयर्न मध्यम वेगाच्या स्विंगला नीट उचललाच जात नाही, त्यापेक्षा हायब्रिड बरा. पिचिंग वेजचा लॉफ्ट वाकवून 46 करण्याच्या फंदात पडू नका. लॉफ्ट अंशभर वाढवला की बाउन्सही (सोलचा जमिनीशी असलेला कोन) अंशभर वाढतो, आणि 9 आयर्नशी असलेला मेळ बिघडतो.

एवढं सगळं करूनही सपाट जागेवरून, मध्यावर बसलेले 9 आयर्न आणि वेजचे शॉट सरळ रेषेत डावीकडेच जात असतील आणि ठसाही टोच्या बाजूला झुकत असेल, तर लाय खाली आणा. एका वेळी 1 अंश. दोन नाही. मग दोन आठवडे खेळून पुन्हा बघा. हेड फोर्ज केलेलं, कार्बन स्टीलचं असेल तर ते निर्धास्तपणे वाकतं. कास्ट केलेलं 17-4 स्टेनलेस असेल तर ते कडक असतं, 1-2 अंशांपलीकडे होझेल (शाफ्ट बसतो ती हेडची नळी) तडकू शकतं, म्हणून आधी धातू विचारून घ्या. पुन्हा पुन्हा इकडून तिकडे वाकवल्याने कुठलाही धातू थकतो. पिंग कंपनीचे क्लब असतील तर हेडवरचा ठिपका बघा: काळा म्हणजे स्टँडर्ड, निळा अपराइटकडचा, लाल फ्लॅटकडचा. कार्स्टन सोल्हाइम यांच्या कंपनीची ही रंगांची पद्धत 1972 पासूनची आहे.

आणि क्लब एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद डिकीच्या उष्णतेने होझेलमधला इपॉक्सी आणि ग्रिपखालची टेप सैल होते. होझेलच्या वरची काळी फेरूल, म्हणजे कडी, सरकलेली दिसली किंवा हेड हलवल्यावर खटखट आवाज आला, तर तो क्लब त्या दिवसापुरता बाजूला ठेवा आणि पुन्हा चिकटवून घ्या.