कडुलिंबाच्या झाडावर आलेला काटेरी हिरवा प्राणी: ओळखावा कसा आणि उतरवावा कसा?

आपण लिहिले आहे की, परभणीत आपल्या अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडावर तीन दिवसांपासून सुमारे अडीच हात लांबीचा, पाठीवर काट्यांची रांग असलेला हिरवट प्राणी बसून आहे. गल्लीतले लोक त्याला ‘विषारी घोरपड’ ठरवून मारायला निघाले आहेत, आणि तो कुणाच्या घरातून सुटलेला पाळीव प्राणी असेल तर त्याला इजा न होता कसे पकडावे, असा आपला प्रश्न आहे. मी लातूर भागात बरीच वर्षे सर्पमित्र म्हणून काम करतो. पूर्वी मला फक्त सापांसाठी फोन येत, अलीकडे मात्र असे परदेशी पाहुणे पाहायलाही बोलावणे येते.

सर्वांत आधी लोकांच्या हातातल्या काठ्या खाली ठेवायला सांगा. तो प्राणी घोरपड असो वा दुसरा काही, त्याच्या विषाने माणूस दगावेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट तो खरोखरच घोरपड निघाला, तर अडचण मारणाऱ्याची होईल. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. कायद्याच्या दृष्टीने तिला पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. म्हणून आधी ओळख पटवा आणि मगच पकडण्याचे बघा.

ओळख पटवताना रंगावर अजिबात जाऊ नका. आपल्या वर्णनावरून तो मला हिरवा इग्वाना वाटतो. नावात हिरवा असला तरी पाळणाऱ्यांकडे तो निळसर, तांबूस आणि पिवळाही असतो, आणि हिरवा असला तरी वय वाढेल तसा करडा पडत जातो. न बदलणारी खूण कानाजवळ असते. त्याच्या कानाचा पडदा डोळ्याच्या मागे उघडा दिसतो, आणि त्याच्या खाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर, आजूबाजूच्या बारीक खवल्यांत उठून दिसणारे एकच मोठे, गोल, चकचकीत खवले असते. पिल्लात ते शर्टाच्या बटणाएवढे, तर मोठ्या नरात रुपयाच्या नाण्याहूनही मोठे भरते. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून जमिनीवरूनच बाजूने छायाचित्र काढले तरी ते दिसते. त्याच्या जोडीला गळ्याखाली बैलाला असते तशी लोंबती पोळी, मानेपासून पाठभर गेलेली काट्यांची रांग आणि शेपटीवर गडद पट्टे दिसले, की शंका उरत नाही. हा प्राणी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आहे, त्यामुळे परभणीच्या लिंबावर तो दिसला तर माणसानेच आणलेला असणार.

घोरपडीला यांतले काहीच नसते. तिच्या पाठीला काटे नसतात, गळ्याला पोळी नसते, अंग मातकट आणि मान लांब असते. मुख्य म्हणजे तिची जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली असून ती सतत आत-बाहेर होत असते. इग्वानाची जीभ जाड व मांसल असते. आपला नेहमीचा सरडाही पाठीवर काटे बाळगतो आणि विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो (त्यावरून तो दुरून माणसाचे रक्त शोषतो अशी समजूत आमच्याकडे अजूनही आहे), पण शेपटी धरूनही तो हातभर लांबीच्या पुढे जात नाही. डोळे बुरुजासारखे पुढे आलेले, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे आणि पायाची बोटे चिमट्यासारखी असतील, तर तो घोयरा. तोही आपल्याच रानातला आहे, आणि त्यालाही हात लावायचा नाही.

पाळीव म्हणून सुटणारे आणखी दोन प्राणी आहेत. एक म्हणजे ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन. त्याचे अंग चपटे, डोके त्रिकोणी, कुशीला मऊ काट्यांची झालर असते, आणि चिडला की तो गळ्याची दाढी फुगवून काळी करतो. तो दोन फुटांच्या आतला असतो, सहसा जमिनीजवळच सापडतो आणि पकडायला सोपा असतो. दुसरा आहे लेपर्ड गेको, म्हणजे जाड शेपटीची, ठिपक्यांची, पापण्या मिटणारी पाल. येथे मात्र सावध राहा, कारण तिची जवळची देशी बहीण महाराष्ट्रातल्या खडकाळ माळावर दगडांखाली राहते आणि दोघी सारख्याच दिसतात. अशी पाल घराबाहेर दगडाखाली सापडली तर ती रानातलीच समजून तिथेच राहू द्यावी.

आता पकडण्याविषयी. माझी स्वतःची चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे पटेल. सात-आठ वर्षांपूर्वी एका घरात स्वयंपाकघराच्या ओट्यामागे इग्वाना शिरला होता. मी सापाच्या सवयीने हात घालून त्याची शेपटी धरली. चट्‌कन आवाज झाला आणि वीतभर तुकडा माझ्या हातातून फरशीवर पडून कितीतरी वेळ वळवळत राहिला. प्राणी पुढच्या खोलीत पळाला, घरातल्या काकू देवघरातून बाहेर येईनात, आणि ज्याने तो लहानपणापासून वाढवला होता तो महाविद्यालयात जाणारा मुलगा त्या तुकड्याकडे बघत रडत बसला. शेपटी पुढे थोडी वाढली, पण ती आखूड आणि काळपट निघाली. तिच्यावर पट्टे पुन्हा कधी आले नाहीत. म्हणून शेपटीने धरू नका. दुसऱ्या बाजूने हीच शेपटी त्याचा चाबूक असते आणि मोठ्या नराचा फटका उघड्या हातावर वळ उठवतो, त्यामुळे ती मोकळीही सोडायची नाही.

दिवसा झाडावर चढून त्याच्या मागे लागलात, तर तो शेंड्याकडे जाईल किंवा सरळ खाली उडी टाकेल. मूळ मुलुखात हे प्राणी संकटात नदीवरच्या फांदीवरून पाण्यात उड्या घेतात. म्हणून झाडाजवळ आड किंवा कठडा नसलेली विहीर असेल तर तिच्यावर आधी जाळी किंवा ताडपत्री टाका. फांद्या विजेच्या तारांना लागत असतील तर झाडाला शिडी लावूच नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. कुत्री बांधून ठेवा आणि बघ्यांना अंगणाबाहेर काढा. हे शेवटचे काम सर्वांत अवघड जाईल, हे अनुभवाने सांगतो.

काळ मात्र आपल्या बाजूने आहे. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगातली ऊब बाहेरून येते आणि जानेवारीत परभणीची पहाट चांगलीच गारठते. आज सूर्य मावळताना तो कोणत्या फांदीवर पसरतो, तेवढे पाहून ठेवा. एकदा निजला की तो रात्रभर बहुधा तिथेच असतो. उद्या उजाडताच, ऊन त्याच्या अंगावर पडण्यापूर्वी तो इतका मंद असतो की एरवी पाच माणसांना न सापडणारा प्राणी दोघांत उतरतो. एकाने जाड कापडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून शिडीवर जावे, दुसऱ्यासोबत घरच्या कुणीतरी खाली चादर ताणून धरावी. त्याच्याकडे वरून हात नेऊ नका. त्याच्या टाळूवर उजेड-सावली ओळखणारा एक तिसरा डोळा असतो, आणि वरून आलेली सावली त्याच्या लेखी घारीची असते. बाजूने, हळू, खालच्या पातळीवरून जा आणि जाडसर टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका. डोळे झाकले की त्याची धडपड बरीच कमी होते. मग एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांपाशी कमरेखाली घालून, शेपटी आपल्या काखेत घेत, त्याला पोटाशी धरा. नखे सालीत रुतलेली असतील तर ओढू नका, एकेक पाय मागून पुढे उचलून सोडवा. ओढाताणीत बोटे निखळतात. घरात ऊन आणि कॅल्शियम न मिळालेल्या प्राण्याची हाडेही ठिसूळ असतात.

या झटापटीत त्याच्या नाकातून पांढरा फवारा उडाला तर घाबरू नका. आमच्याकडे एकाने तो विषाचा फवारा म्हणून अंगावर रॉकेल ओतून घेण्यापर्यंत मजल नेली होती. ते फक्त मीठ असते. शरीरातले जादा क्षार तो नाकातल्या ग्रंथींवाटे शिंकरून टाकतो, आणि पाळणाऱ्यांच्या घरी काचेवर त्याचे पांढरे डाग नेहमीच दिसतात.

पकडल्यावर त्याला भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात किंवा झाकणाच्या प्लास्टिक पेटीत टॉवेलसकट ठेवा. खोके उन्हात ठेवू नका, कारण जानेवारीच्या दुपारीही बंद पेटी तापते. उथळ ताटलीत पाणी ठेवा. दूध, भात, अंडे असले काही देऊ नका. तो पूर्ण शाकाहारी आहे. एखाद-दुसरा दिवस ठेवावा लागलाच, तर शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची फुले द्या. जबडा मऊ पडलेला, पाय थरथरणारे किंवा अंगावर जखम दिसली तर वाट पाहू नका. आपल्या परभणीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.

त्याच दिवशी वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. इग्वाना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात (साइट्स) नोंदलेला असल्याने वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार तो बाळगणाऱ्याने शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, म्हणजे खऱ्या मालकाकडे काहीतरी कागद असायला हवा. शहराच्या गटांवर खबर टाकताना संपूर्ण छायाचित्र देऊ नका. एखादी खूण, जसे तुटलेले बोट किंवा शेपटीवरचा डाग, स्वतःपुरती ठेवा आणि विचारायला येणाऱ्याला तीच विचारा. चांगल्या इग्वानाला किंमत येते, त्यामुळे ‘माझाच आहे’ म्हणणारे दोन-तीन जण नक्की येतील. कुणीच आला नाही तरी दया येऊन त्याला जायकवाडीच्या काठी किंवा गौताळ्याच्या रानात सोडू नका. फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले हेच प्राणी सुटून वाढले आणि आज तिथे बागा व कालव्यांचे काठ खणून ठेवतात.

चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा. हा सस्तन प्राणी नसल्याने रेबीजची भीती नाही. खरी काळजी साल्मोनेला या जिवाणूची असते. तो या प्राण्यांच्या पोटात त्यांना काही त्रास न देता राहतो आणि हातावाटे आपल्या तोंडात जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याला हात लावू देऊ नका, हाताळल्यावर कोपरापर्यंत साबण लावा, तो टॉवेल वेगळा उकळून घ्या, आणि पेटी ज्या बादलीने धुवाल ती परत स्वयंपाकघरात नेऊ नका, अंगणातच ठेवा.