कसबा, कसब आणि कसाब

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या प्रादेशिक विकासावर लेख लिहीत आहेत. त्यांच्या अर्थशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं, की कसब अंगी असलेली माणसं जिथे वस्ती करतात तो कसबा. म्हणजे आधी उद्योग, मग लोकसंख्या, मग शहर हा सगळा क्रम त्या एका शब्दातच आहे. हे बरोबर आहे का? आणि छोट्या शहराला लेखात ‘कसबा’ म्हटलेलं चालेल का?

नाही हो, बरोबर नाही. ही व्युत्पत्ती मी गेल्या वर्षभरात तीनदा ऐकली. एकदा सत्काराच्या भाषणात, एकदा सदरात आणि आता वर्गात. ऐकायला गोड आहे, म्हणूनच ती मरत नाही.

दोन्ही शब्द अरबी, इथपर्यंत सर बरोबर. पुढे गाडी घसरते. ‘कसब’ लिहिला जातो काफ, सीन, बे या अक्षरांनी. ‘कसबा’ लिहिला जातो क़ाफ़, साद, बे यांनी. अरबीत हे क वेगळे आणि स सुद्धा वेगळे. आपल्या जिभेला दोन्ही क सारखेच आणि दोन्ही स सारखेच, त्यामुळे फारशीतून मराठीत येता येता परकी माणसं भावंडं दिसू लागली. बरं, पहिल्या ‘कसब’चा मूळ अर्थ कौशल्य नव्हेच, त्याचा अर्थ कमाई, मिळकत. कौशल्य हा अर्थ मागून चिकटला. कमाईचा जुना अर्थ पाहायचा तर ‘कसबीण’, म्हणजे वेश्या, या शब्दाकडे पाहा. तिथे कौशल्याचं कौतुक कुणी केलेलं नाही.

आता खरी मौज. क़ाफ़-साद-बे या धातूचा एक अर्थ कापणं, तुकडे करणं. म्हणून ‘कसाब’, म्हणजे खाटीक. त्याच अक्षरांतून ‘क़सब’ म्हणजे बोरू, वेत, पोकळ नळी. त्यातूनच सोन्यारुप्याची तार. आपल्याकडे पदराला, पागोट्याला लावायची जर म्हणजेही कसब, ती ही. आणि त्यातूनच ‘क़सबा’: गढी, बालेकिल्ला, मुलखाचं मुख्य गाव. म्हणजे कसब्याचं नातं कारागिराच्या कसबाशी नाही. ते खाटकाशी आहे आणि पैठणीच्या जरीशी आहे! अल्जिअर्सचा कास्बा तो हाच, स्पेनमध्ये मालागाचा अल्काझाबा तो हाच, तुर्कीतलं कसाबा तेही हेच. भूमध्य समुद्रापासून निफाड तालुक्यापर्यंत एकच शब्द चालत आलेला आहे.

बोरूचा बालेकिल्ला कसा झाला? कोशकार पोकळी, आतला भाग, मध्य अशा वाटेने जातात. मला ते पटत नाही. अरबी मुलखात ‘क़सबा’ हे जमीन मोजायच्या काठीचंही नाव आहे. आपल्याकडेही वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. मोजणीची काठी ज्याच्या हाती, महसूल त्याच्या हाती. तेव्हा काठी जिथे ठेवलेली असे, आजूबाजूच्या गावांची मोजणी जिथून निघे आणि धारा जिथे येऊन पडे, ते गाव कसबा असं मला वाटतं. पुरावा मागू नका, हा माझा लाडका तर्क आहे. पण सरांच्या तर्कापेक्षा बरा, निदान अक्षरं तरी जुळतात.

आणि जुनं सरकारी दफ्तरही माझ्याच बाजूने बोलतं. परगण्याचं, म्हणजे महसुलासाठी एकत्र धरलेल्या गावांच्या गटाचं, मुख्य गाव ते कसबा, बाकीची मौजे. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आहे आणि मौजे सुकेणेही आहे. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज, कागलात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. (मौजे म्हणजे मजेत असलेलं गाव नव्हे. ते अरबी ‘मौज़ा’, म्हणजे जागा. आपली मौज मूळची लाट.) कसबे डिग्रजात कसबी लोक राहत आणि मौजे डिग्रजात बिनकसबी, असं सर म्हणणार आहेत का?

कसबा होतो तो कारभाराने आणि बाजाराने; कारागीर त्यामागून येतात. जुने राज्यकर्ते हे जाणून होते. पेठ वसवायची तर शेट्ये-महाजनांना वतन द्यायचं, वाणी-उदमी यांना कौल, म्हणजे सवलतींचं लेखी अभय, द्यायचा, काही वर्षं जकात माफ करायची. ओसाड जमीन लागवडीला आणायची तर इस्तावा, म्हणजे सारा पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे चढत जाणारा. महाराष्ट्र सरकारने १९६४ साली मागास भागांत उद्योग नेण्यासाठी सामूहिक प्रोत्साहन योजना काढली, तिला मी मनातल्या मनात कौलनामाच म्हणतो. कारभार हलला तर काय होतं ते संगमेश्वरच्या कसब्यात बघा. कर्णेश्वराचं देऊळ तिथेच आहे, पण तालुक्याचं ठाणं देवरुखला. कसबा नावात उरला आहे.

सरांच्या बाजूने बोलायचं तर इचलकरंजी आहे. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसला आणि मागांवरच ते गाव महानगरपालिकेपर्यंत पोचलं. पण त्या मागाच्या पाठीशीही घोरपडे जहागीरदारांचं उत्तेजन होतं. मालेगावला विणकर उत्तरेतून कसब घेऊनच आले, हेही खरं. मात्र ते आले तेव्हा पेशव्यांचा सरदार नारोशंकर याचा किल्ला तिथे उभा होता आणि आग्र्याचा रस्ताही गावातून जात होता.

सरांना काम, माणसं आणि धंदा यांची सांगड एकाच ठिकाणी हवी असेल, तर ती शब्दकोशात मिळणार नाही. जनगणनेच्या व्याख्येत मिळेल. निदान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर. असं गाव ग्रामपंचायतीचं असलं तरी जनगणना त्याला शहर म्हणते. देशात अशी गावं २००१ मध्ये साधारण १,३६० होती, २०११ मध्ये ३,९०० च्या आसपास झाली. मोजायचे ते पुरुषच! घरी बसून विड्या वळणारी बाई गावाला शहर करत नाही. ताई, लेखात हे जरूर लिहा, व्युत्पत्ती गाळलीत तरी चालेल.

दुसरा प्रश्न राहिलाच. छोट्या शहराला कसबा म्हणणं ही हिंदीची लागण आहे. ‘कसबाई मानसिकता’ वाचलं की माझा पेपर खाली पडतो. मराठीत कसबा म्हणजे लहान शहर नाही, परगण्यातलं मुख्य गाव आहे. तुम्ही ‘बाजाराचं गाव’ लिहा. आणि ‘निमशहरी’ तर लिहूच नका, त्यातलं ‘निम’ नीमहकीमातलं, म्हणजे अर्ध्या वैद्यातलं, आहे.